माघातली ऊब आणि बागेचे पंचांग

भारतीय कालगणनेत माघ आणि फाल्गुन हे शिशिराचे महिने असून वसंत चैत्रापासून मोजला जातो. वसंतपंचमी मात्र माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे ऐन शिशिरात येते. ऋतू येण्याआधीच त्याचे स्वागत करणारी ही रीत पाहता, थंडी सरण्यापूर्वी लाभलेल्या उबदार दुपारी परदेशस्थ मराठी माणसाने बागेत खुर्ची टाकून बसावे, यात वावगे काही नाही. वाद त्या आनंदाविषयी नसून, त्या उबेलाच वसंत समजून बागेत उरकल्या जाणाऱ्या कामांविषयी आहे.

थंड प्रदेशातील फळझाडे हिवाळ्यात सुप्तावस्थेत असतात, म्हणजे त्यांच्या कळ्यांची वाढ थांबलेली असते. सफरचंदासारख्या झाडाला सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडीचे कित्येक तास मिळाले, की ही सुप्ती संपते आणि पुढे कळी केवळ उबेची वाट पाहते. म्हणूनच ऊब लवकर आली तर कळी फसते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मार्च २०१२ मध्ये उन्हाळ्यासारखे दिवस आले, झाडे कित्येक आठवडे आधी फुलली आणि एप्रिलच्या हिमदवाने सफरचंदाचे सुमारे ९० टक्के पीक गेले. अशा काळाला ‘फसवा वसंत’ म्हणता येईल.

बदलापूर पश्चिमेकडील बेलवलीसारख्या गावी हीच ऊब वेगळे रूप घेते. तेथे हिमदवाचे भय नाही. तेथील आंब्याला मोहर धरण्यासाठी थंड रात्री हव्या असतात आणि माघात त्या मोहराची वाटाण्याएवढी फळे होत असताना पारा एकदम चढला, तर ती सुकून गळतात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे महाराष्ट्रात म्हटले जाते. २०२५ मध्ये ती महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला आली, तेव्हा मुंबई आणि ठाणे जिल्ह्यांसाठी हवामान विभागाचा उष्णतेच्या लाटेचा इशारा लागू होता. किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा त्याहून अधिक वाढले, तर त्या स्थितीला लाट म्हणतात. लंडनच्या क्यू उद्यानात २६ फेब्रुवारी २०१९ रोजी २१.२ अंशांची नोंद झाली, तेव्हा लोक हिरवळीवर पहुडले. बेलवलीत तितक्या उबेला कोणी गुलाबी थंडीच म्हटले असते. ऊब सुखाची की घाताची, हे आकड्यावरून ठरत नाही. त्या वेळी झाड कोणत्या अवस्थेत आहे, यावरून ते ठरते.

तापमानवाढीच्या काळात अशा दिवसांचा आनंद मानणे हेच बेजबाबदारपणाचे आहे, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. १९०१ पासूनच्या नोंदींत भारतातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी अलीकडच्याच वर्षांतले आहेत. तथापि घराची दारे लावून बसल्याने पारा उतरत नाही, उलट कोणती कळी कधी उमलली हे पाहणारा माणूस मात्र कमी होतो. सजीवांच्या ऋतुचक्राच्या अशा नोंदींवर एक स्वतंत्र शास्त्र उभे असून, त्यात घरच्या बागेतील वहीलाही मोल असते.

म्हणून परदेशातील बागकर्त्याने ऊन मनसोक्त घ्यावे, परंतु वाफ्यावरचे पालापाचोळ्याचे आच्छादन काढू नये, घरातील मिरची-टोमॅटोची रोपे बाहेर लावू नयेत आणि छाटणीही लांबवावी, कारण छाटणीने झाडाला नवी पालवी फोडण्याची घाई होते. बेलवलीतील बागकर्त्याने मात्र याच दिवसांत आळ्यात आच्छादन घालावे आणि कुंड्या दुपारच्या उन्हातून हलवाव्यात. एकाने आच्छादन ठेवायचे ते थंडी परत येईल म्हणून आणि दुसऱ्याने घालायचे ते थंडी लवकर गेली म्हणून; चैत्र येईपर्यंत दोघांच्याही बागेत पालापाचोळा जमिनीवरच असलेला बरा.