मुलीचे मैदान बंद करू नका, मंडळाला जाब विचारा

कबड्डी-खोखोच्या मंडळात एखाद्या प्रशिक्षकाबद्दल कुजबूज सुरू झाली की वस्तीत पहिला निर्णय होतो तो मुलीबद्दल. तिचे मैदान बंद. सर दुसऱ्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून हजर असतात आणि तेरा वर्षांची मुलगी घरात भाकऱ्या थापायला बसते. गुन्हा कोणाचा आणि शिक्षा कोणाला, हा आपल्या चळवळीचा जुना प्रश्न मैदानावरही तितकाच लागू आहे.

मंडळाचे कार्यकर्ते दोन गोष्टी सांगतात. एक, ‘सर अगदी घरच्यासारखे आहेत.’ दोन, ‘मंडळाची बदनामी होईल.’

‘घरच्यासारखे’ हे प्रशस्तिपत्रक मला मान्य नाही. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो, हे सरकारी आकडेच वर्षानुवर्षे सांगतात. शिवाय प्रशिक्षकाच्या हातातली सत्ता बघा. संघात कोण, राखीव कोण, जिल्ह्याला कोण जाणार, हे तो ठरवतो. त्यावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण अवलंबून. गरीब घरातल्या मुलीला बाहेर पडायची ही एकच वाट असते. दुखावलेला पाय चोळणे, परगावचा प्रवास, मुक्काम, सगळे त्याच्याच देखरेखीखाली. मग ‘ती तेव्हाच का बोलली नाही?’ असे विचारणाऱ्यांनी आधी सांगावे, ती बोलली असती तर संघात राहिली असती का?

बोलणाऱ्या मुलीचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. १९९० मध्ये पंचकुलाच्या चौदा वर्षांच्या रुचिका गिरहोत्राने राज्य टेनिस संघटनेच्या अध्यक्षाविरुद्ध तक्रार केली. तो पोलीस महानिरीक्षकही होता. शाळेतून नाव कमी झाले ते रुचिकाचे. १९९३ मध्ये तिने जीव दिला. राठोड दोषी ठरला २००९ मध्ये, शिक्षा सहा महिने. वरच्या न्यायालयाने ती दीड वर्षाची केली, पण २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवून भोगली तेवढी शिक्षा पुरे मानली. आणि २०२३ मध्ये ऑलिंपिक पदक मिळवलेल्या साक्षी मलिकलाही साथीदारांसह जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावरच दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पदकवालीची ही गत, तर आपल्या गल्लीतल्या मुलीचे कोण ऐकणार?

आता बदनामीचे. २०१२ चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला लागू आहे. कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळलेल्या कोणाही व्यक्तीने पोलिसांना कळवलेच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे ‘आपसात मिटवून टाकू’ म्हणणारा अध्यक्ष स्वतःच गुन्हा करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवायला झालेल्या विलंबावरून उच्च न्यायालयाने पोलिसांनाही फटकारले. संस्थेचे नाव गेले, पण ते मुलींमुळे गेले, असे कोण म्हणेल?

मैत्रिणींनो, थोडे आपल्याबद्दलही बोलायला हवे. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ची शिबिरे आपण भरपूर घेतो. ती घ्यावीत. पण तेवढ्यावर थांबलो तर राखणीचे ओझे आपण दहा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर टाकतो. महिला प्रशिक्षक हवी, हेही खरे. पण नियम नसतील तर बाईसुद्धा त्याच अध्यक्षापुढे मान खाली घालते. आणि तालमीतल्या मुलग्यांचे काय? ‘मर्द गड्याला काय होतंय’ या बढाईखाली त्यांचे रडणे दबते. तीही पुरुषसत्ताच आहे.

म्हणून मागण्या साध्या आहेत. प्रशिक्षक नेमण्यापूर्वी पोलीस पडताळणी आणि आधीच्या मंडळात चौकशी. बंद खोलीत एकट्या मुलासोबत एकटा मोठा माणूस नको. परगावी जाताना प्रशिक्षकाखेरीज पालकांपैकी एक बाई सोबत, आणि मुलांची झोपायची खोली वेगळी. मुलांना खासगी निरोप बंद, काय कळवायचे ते पालकांच्या गटावर. तक्रार ऐकणारी व्यक्ती मंडळाबाहेरची, तिचे नाव आणि १०९८ हा क्रमांक फलकावर. तक्रार आली की चौकशी संपेपर्यंत मैदानाबाहेर प्रशिक्षक राहील, मुलगी नाही. यातल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही.

मंडळ काही कोणाच्या घरचे नाही. ते आपल्या वर्गणीवर चालते, गणपतीला पावतीपुस्तक घेऊन मुले आपल्याच दारात येतात. यंदा पावती फाडण्याआधी प्रत्येकीने हे नियम लेखी मागावेत. मिळाले नाहीत तर चार जणींनी मिळून मंडळाच्या सर्वसाधारण सभेत जाऊन बसावे. आणि मुलीला रोज संध्याकाळी मैदानावर पाठवावे.