समोरचा पॅक करत नाही!

रमीत का हरलात, असं विचारल्यावर 'मी चुकीचं खेळलो' असं उत्तर देणारा माणूस पालघरपासून बोईसरपर्यंत मला अजून भेटलेला नाही. दाढी करताना आरशातही भेटलेला नाही.

सगळ्यांची तक्रार एकच. "अहो, समोरचा धड खेळेल तर ना! हातात ना सिक्वेन्स, ना जोकर. पण पठ्ठ्या पॅक करत नाही. बसतो आपला ठाण मांडून! आणि माझा इस्पिकचा गुलाम नेमका त्याच्याकडे!" म्हणजे समोरचा अडाणी, म्हणून आपण हरलो! या युक्तिवादाचा मला मनस्वी राग आहे. तो मी स्वतः दहा वर्षं केलेला आहे.

आता हिशेब बघा. १०१ गुणांचा खेळ. पहिलं पान उचलण्याआधी डाव सोडला तर २०, उचलून सोडला तर ४०, आणि बसून राहिलात नि शुद्ध सिक्वेन्स लागलाच नाही तर थेट ८० पर्यंत. वीस-वीस करत पाच वेळा सोडलं तरी होतात १००, माणूस जिवंत. ८० दोनदा बसले की माणूस सतरंजीच्या कडेला, चहा सांगायला. मग न सोडणारा नुकसान कोणाचं करतो? बँकेत आमचं आयुष्य हेच बघण्यात गेलं. बुडतं खातं वेळेवर बंद केलं तर थोडक्यात निभावतं. 'सुधारेल हो' म्हणून आणखी कर्ज दिलं की मुद्दलासकट जातं. पण त्यामुळे शेजारची बँक बुडाली, असं कोणी म्हणत नाही.

"मग काल तोच कसा जिंकला?" अहो, एका रात्रीत डाव होतात दहा-बारा. मूर्खपणाचा पगार रोजच्या रोज मिळत नसतो.

शिवाय त्याच्या चुकीचा फायदा तुम्हालाच मिळावा, असा करार कुठे झालाय? टाकलेलं पान उचलायचा हक्क फक्त पुढच्याचा. त्याच्यानंतर बसलेला गब्बर होतो; आधी बसलेला त्याला पानं पुरवतो. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तो पानं लक्षात ठेवावी लागतात, काय ठेवायचं नि काय टाकायचं याला अक्कल लागते म्हणून. समोरच्याची अक्कल काढणं हे त्या कौशल्यात धरलेलं नाही.

हे शहाणपण मला एका गणपतीच्या जागरणात आलं. बोईसरला एका कॉलनीत रमीची स्पर्धा होती. मी ८२ वर, म्हणजे मला पॅक करायचीही सोय नाही. समोर एक निवृत्त मास्तर, हात अगदीच भिकार. तरी बसले, ओळीने दोन जोकर ओढले आणि शो केला! माझ्या हातात १९. बरोबर १०१.

"मास्तर, हात नव्हता तर सोडायचा होता!" मी चारचौघांत ओरडलो.

मास्तरांनी पानं नीट जुळवून ठेवली. म्हणाले, "सोडला की नुसतं बघत बसावं लागतं हो. ही गेल्यापासून घरी तेच करतो."

दुसऱ्या रात्री ते आले नाहीत. खेळ अत्यंत उच्च दर्जाचा झाला. सगळे वेळेवर पॅक करत होते, कोणी चुकत नव्हतं. अकरालाच जांभया देत मंडळी उठली.

तिसऱ्या रात्री मी मास्तरांच्या दाराशी उभा राहिलो. म्हटलं, "चला मास्तर. आणि खबरदार, एक डाव सोडलात तर!"

मास्तर आले. मी आठवणीने त्यांच्यानंतरची जागा धरली. स्नेह स्नेहाच्या जागी, कौशल्य कौशल्याच्या जागी.