संघ महाराष्ट्राचा, आठवणी कोणाच्या?

वर्गात एकदा सहज विचारले, "क्रिकेटमध्ये तुमचा संघ कोणता?" कोणी मुंबई इंडियन्सचे नाव घेतले, कोणी चेन्नईचे, तर तेलंगणाच्या सीमेवरून येणाऱ्या दोघा-तिघांनी हैदराबादचे. रणजी करंडकात खेळणाऱ्या महाराष्ट्राच्या संघाचे नाव एकानेही घेतले नाही. विद्यार्थ्यांना दोष देण्याचा मोह झाला. पण विचार करू लागलो तेव्हा प्रश्न वाटला तितका सोपा नाही, हे ध्यानात आले.

या संघाच्या इतिहासातील सर्वांत उज्ज्वल पर्व १९३९ ते १९४१ हे होय. १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते दि. ब. देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. १९४१ च्या अंतिम सामन्यात मद्रासविरुद्ध त्यांनी संघाचे नेतृत्व केले, तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास होते. ज्या वयात आपण अध्यापक मंडळी जिना चढताना कठड्याचा आधार घेऊ लागतो, त्या वयात हा संस्कृतचा प्राध्यापक संघाला विजयाकडे नेत होता! अध्यापकांनी तरी हा क्षण आपला म्हणून जपायला हवा होता.

पण त्या वेळी आमचे देगलूर कोठे होते? निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संघाच्या नावात 'महाराष्ट्र' हा शब्द होता. परंतु त्या नावाचे राज्य अस्तित्वात यायला अजून जवळजवळ दोन दशके अवकाश होता आणि मराठवाडा त्या संघाच्या कक्षेबाहेर होता. नकाशाच्या हिशेबाने पाहिले तर आमचा करंडक १९३७-३८ चा म्हणावा लागेल. त्या वर्षी हैदराबादच्या संघाने अंतिम सामन्यात नवानगरला अवघा एक गडी राखून हरवले होते. आज तो विजय देगलूरमध्ये कोणी आपला मानत नाही. म्हणजे केवळ नकाशाने संघ आपला होत नाही, हे उघड आहे.

दुसरा प्रसंग डिसेंबर १९४८ चा, पुण्यातला. काठियावाडचा पहिला डाव २३८ धावांत संपला. उत्तरादाखल महाराष्ट्राने ४ बाद ८२६ अशी मजल मारली. त्यांत कमल भांडारकर यांच्या २०५ धावा होत्या आणि कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धावांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा तेव्हाचा जागतिक विक्रम मोडण्यासाठी त्यांना अवघ्या दहा धावा हव्या होत्या. मध्यंतर झाले आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी सामनाच सोडून दिला. त्या दहा धावा कधीच निघाल्या नाहीत. निंबाळकरांना एकही कसोटी सामना खेळायला मिळाला नाही. २०१२ साली त्यांचे निधन झाले. भारतातील देशांतर्गत क्रिकेटमध्ये मात्र ती खेळी आजही सर्वोच्च आहे.

जिंकलेल्या करंडकांपेक्षा हा अपुरा राहिलेला डाव लोकांना अधिक आठवतो. साहित्याच्या अभ्यासकांना याचे नवल वाटू नये. पूर्ण झालेल्या गोष्टीची नोंद होते. अपुरी गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली जाते, आणि सांगणारा प्रत्येक जण ती आपल्या परीने पूर्ण करू पाहतो. निंबाळकर पुण्यात खेळत होते त्याच्या तीनच महिने आधी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपली होती. आमच्या भागातील माणसे वेगळ्याच काळजीत आणि वेगळ्याच आनंदात होती. पुण्यातल्या त्या दहा धावांची हळहळ त्यांच्यापर्यंत पोचली असेल, असे मला वाटत नाही.

मग हे क्षण आपले कसे म्हणायचे? माझे मत असे की, ते निःसंकोच आपले म्हणावेत. एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडची. परंतु पुण्याचा वाचक त्यांना परके मानत नाही, आणि ते योग्यच आहे. वारसा घेण्यासाठी त्या काळी तेथे हजर असावे लागत नाही. त्याच न्यायाने देवधर आणि निंबाळकर आमचेही आहेत.

मात्र हा व्यवहार दुहेरी असावा लागतो, आणि माझी तक्रार आहे ती येथे. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडे मैदानावर उपांत्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राने गतविजेत्या मुंबईला आठ गडी राखून हरवले. विजयासाठी २५२ धावा हव्या होत्या. केदार जाधव १२० धावांवर नाबाद राहिला आणि त्याच्या जोडीला होता ९१ धावांवर नाबाद असलेला जालन्याचा एकोणीस वर्षांचा विजय झोल. पुढे अंतिम सामना झाला तो हैदराबादेत, देगलूरहून पुण्यापेक्षा कितीतरी जवळ असलेल्या शहरात. त्या संघात मराठवाड्याचाच अंकित बावणे होता. कर्नाटकाने सात गडी राखून करंडक नेला. १९४१ नंतर महाराष्ट्राला तो पुन्हा मिळालेला नाही. दरम्यान विदर्भाने मात्र तो तीनदा जिंकला आहे.

त्या वानखेडेच्या विजयावर, जालन्याच्या त्या एक्क्याण्णव धावांवर, किती मराठी ललित लेख लिहिले गेले? माझ्या वाचनात एकही नाही. देवधरांचे पर्व टिकले, कारण पुण्यात लिहिणारे होते. संघाचा इतिहास मैदानावर घडतो हे खरे. पण तो उरतो लिहिणाऱ्यांमुळे. मराठवाड्याच्या वाट्याला उपेक्षा आली, असे म्हणण्याची आपल्याला सवय झाली आहे. या बाबतीत उपेक्षा करणारे आपणच आहोत. आपल्यापाशी भाषा आहे, विद्यापीठे आहेत, दरवर्षी प्रबंधांचे ढीग पडतात. मग आपल्याच मुलांनी मिळवलेल्या विजयाचे चार परिच्छेद का नसावेत?

कोणी म्हणेल, हे काम वार्ताहरांचे आहे. वार्ताहर धावसंख्या देतो, आणि ती हवीच. परंतु जालन्यासारख्या गावातून निघून वानखेडेपर्यंत पोचणे म्हणजे काय, त्या दिवशी गावात कोण कोठे बसून धावा मोजत होते, हे सांगायला धावफलक अपुरा पडतो. तेथे साहित्याचे काम सुरू होते.

यंदा पदव्युत्तर वर्गाला ललित लेखनासाठी मी हाच विषय देणार आहे. घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या थोराला भेटावे, त्यांनी रेडिओवर ऐकलेला, मैदानावर वा दूरदर्शनवर पाहिलेला एक सामना त्यांच्या शब्दांत उतरवून आणावा. संघ कोणताही चालेल. सुरुवात आठवण्यापासून झाली, तर 'तुमचा संघ कोणता' या प्रश्नाचे उत्तर पुढेमागे बदलेलही.