दहा ट्रान्झिस्टरांचे दान

थ्रेड 🧵

१/ "कंपनी विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर फुकट देते, मग तक्रार कसली?" अभियांत्रिकीच्या सॉफ्टवेअरविषयी काही लिहिले की हा प्रश्न हमखास येतो. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: साधन कंपनीचे, विद्यार्थी याचक. इलेक्ट्रॉनिक्सच्या सर्वांत प्रसिद्ध साधनाचा इतिहास मात्र नेमका उलट आहे.

२/ स्थळ: कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. काळ: १९७० च्या आसपास. रॉन रोहरर या तरुण प्राध्यापकाने नेहमीचे अध्यापन बाजूला ठेवले आणि परिपथांचे गणित संगणकाकडून सोडवून घेणारा प्रोग्रॅम वर्गालाच लिहायला लावला. विभागातील ज्येष्ठ प्राध्यापक डोनाल्ड पेडरसन यांना तो पसंत पडला, तर विद्यार्थी उत्तीर्ण. परीक्षा एवढीच.

३/ त्या खटाटोपातून उतरलेल्या प्रोग्रॅमचे नाव होते 'कॅन्सर'! 'अरेषीय परिपथांचे संगणकीय विश्लेषण, किरणोत्सार वगळून' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. 'किरणोत्सार वगळून' हा टोमणा होता. त्या काळी असे अनेक प्रोग्रॅम संरक्षण खात्याच्या पैशावर लिहिले जात आणि किरणोत्साराच्या माऱ्यात परिपथ टिकेल का, हे त्यांना सांगावे लागे. व्हिएतनाम युद्ध चालू असतानाच्या बर्कलीत असे नाव सुचावे, यात नवल नाही.

४/ पुढे रोहरर विद्यापीठातून गेले आणि त्यांचा विद्यार्थी लॉरेन्स नेगल पेडरसन यांच्या हाताखाली आला. पेडरसन यांची भूमिका ठाम होती: 'कॅन्सर'वर मालकीची बंधने आहेत, ती राहणार नाहीत असा प्रोग्रॅम नव्याने लिहा, तो सर्वांचा असेल. त्यातून जन्मले 'स्पाइस'. एप्रिल १९७३ मध्ये कॅनडातील वॉटर्लू येथील परिषदेत पेडरसन यांनी ते मांडले. ज्याला हवे त्याला ते चुंबकीय फितीच्या किरकोळ खर्चात मिळे. पदवी घेऊन उद्योगात गेलेले विद्यार्थी ते सोबत घेऊन गेले आणि एका विद्यापीठाचा प्रोग्रॅम साऱ्या क्षेत्राची भाषा झाला.

५/ तेव्हा विद्यार्थ्याचे स्वतःचे यंत्र नव्हते. विद्यापीठाच्या सीडीसी ६४०० या महासंगणकासाठी पंचकार्डांची गड्डी तयार करायची, ती द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची. १९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक आला. १९८४ मध्ये मायक्रोसिम या कंपनीने 'पीस्पाइस' या नावाने स्पाइस त्यावर आणले. यंत्र अखेर विद्यार्थ्याच्या टेबलावर पोहोचले.

६/ आणि साधन? त्याच पीस्पाइसची पुढे सर्वत्र पसरलेली विद्यार्थी-आवृत्ती आठवा. मर्यादा: ६४ नोड आणि १० ट्रान्झिस्टर. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या जर्नलात असणाऱ्या ७४१ या ऑप-अँपच्या पोटात सुमारे वीस ट्रान्झिस्टर असतात. म्हणजे विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमचा वंशज विद्यार्थ्यांच्याच हाती आला, तेव्हा त्यात एक ७४१ सुद्धा आतून मांडता येत नव्हता. याला दान म्हणायचे असेल तर म्हणा.

७/ न्याय करायचा तर दोन गोष्टी मान्य केल्या पाहिजेत. महासंगणकावरील प्रोग्रॅम लहान यंत्रावर आणणे, त्यात चित्ररूप आलेख आणि घटकांचे भांडार भरणे, ही खरी मेहनत होती आणि तिचे मोल मागण्यात पाप नाही. दुसरे असे की, 'एलटीस्पाइस'सारखे पूर्ण क्षमतेचे साधन एका चिप बनवणाऱ्या कंपनीनेच विनामूल्य दिले. तिला चिप विकायच्या होत्या, सॉफ्टवेअर नव्हे. हेही लक्षात ठेवावे.

८/ माझा आक्षेप किमतीवर नाही, अटींवर आहे. मॅटलॅब घ्या. क्लीव्ह मोलर यांनी १९७० च्या दशकात न्यू मेक्सिको विद्यापीठात ते लिहिले, विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या जंजाळात न शिरता मॅट्रिक्सचे गणित करता यावे म्हणून. कंपनी १९८४ मध्ये निघाली. आज त्याचा विद्यार्थी-परवाना वेगळा, घरगुती परवाना वेगळा, व्यावसायिक वेगळा. माणूस तोच, कर्ज काढून घेतलेला लॅपटॉप तोच, टेबलावरचा आर्डुइनो तोच. पदवीचा निकाल लागला की अधिकार बदलतो. अंतिम वर्षाच्या प्रकल्पावर बसून पहिली छोटी ऑर्डर घ्यावी म्हटले, तर स्वतःच्याच फायली परवान्याबाहेर जातात.

९/ यावर आपल्याकडचा उपाय सर्वांना ठाऊक आहे: क्रॅक केलेली प्रत. मला त्याची चीड येते, आणि केवळ कायद्यासाठी नाही. चोरीच्या प्रतीमुळे प्रश्नच दिसेनासा होतो. विभागप्रमुखांना वाटते सगळ्यांकडे साधन आहे, अभ्यासमंडळाला वाटते अभ्यासक्रम ठीक आहे, कंपनीला आयता भावी ग्राहक मिळतो. आणि ज्या प्रामाणिक मुलीने प्रत चोरली नाही, ती प्रयोगशाळेची वेळ संपेपर्यंत रांगेत उभी राहते.

१०/ पेडरसन यांची वाट बुजलेली नाही. बर्कलीच्या स्पाइसमधून निघालेले 'एनजीस्पाइस' मुक्त आहे. 'कायकॅड' १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ज्याँ-पिएर शारास या अध्यापकाने सुरू केले. पुढे सर्न या संशोधन संस्थेने त्याला हातभार लावला. पवईच्या आयआयटी मुंबईतील फॉसी प्रकल्पाने या दोहोंना जोडून 'ईसिम' उभे केले. स्वतःच्या यंत्रावर, नोड न मोजता, पदवीआधी आणि पदवीनंतरही ते चालते. त्यात उणिवा आहेत. चकचकीतपणा नाही, काही घटकांची प्रारूपे शोधावी लागतात. पण आपल्याच राज्यात तयार झालेले हे साधन आपल्याच किती महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत दिसते?

११/ जाता जाता एक गंमत. स्पाइसची नेटलिस्ट साध्या मजकुराची फाइल असते आणि तिची पहिली ओळ आजही शीर्षक म्हणून सोडून दिली जाते. कारण पंचकार्डांच्या गड्डीतले पहिले कार्ड शीर्षकाचे असे! अर्धशतकापूर्वीची ती लकब तुमच्या लॅपटॉपवर जिवंत आहे, कारण ती मांडणी कुणी कुलूपबंद केली नाही.

१२/ आता तुमच्या अभ्यासक्रमाची प्रत उघडा. प्रात्यक्षिकांच्या यादीत 'परिपथाचे अनुकरण करणे' असे लिहिले आहे, की एखाद्या उत्पादनाचे नाव छापले आहे? नाव असेल, तर विद्यापीठ आणि वर्ष खाली नोंदवा. यादी पुरेशी झाली की ती अभ्यासमंडळांकडे पाठवू.