आमची मुले फक्त बटण दाबणारीच राहणार काय?

पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत, आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडबाहेर उभे राहून पाहा. ‘एमएस-सीआयटी प्रवेश सुरू’, ‘टॅली’, ‘डीटीपी’, ‘टायपिंग ३० व ४०’ अशा पाट्यांची रांग दिसेल. दहावी-बारावी झालेली आपली मुले-मुली तिथे जातात. आईबाप मजुरीतून, ऊसतोडीच्या उचलीतून काही हजारांची फी भरतात. दोन-तीन महिन्यांनी प्रमाणपत्र येते, लॅमिनेट होते, फाईलमध्ये जाते. घरच्यांना वाटते, पोरगं कॉम्प्युटर शिकलं.

आमचा प्रश्न साधा आहे. पोरगं नेमकं काय शिकलं?

वर्डमध्ये अक्षर ठळक कसे करायचे, एक्सेलमध्ये बेरीज कुठे दाबायची, पॉवरपॉइंटची स्लाइड कशी सरकवायची, हे ते शिकले. पण मशीन ‘अ’ हे अक्षर कसे ओळखते, हजार नावांतून एक नाव क्षणात कसे शोधते, गुणवत्ता यादी कोणत्या नियमाने लावते, हे त्याला कोणीही सांगितले नाही. बटण दाबून विहिरीवरची मोटर चालू करणे वेगळे आणि जळालेली मोटर उघडून वाइंडिंग भरणे वेगळे. आपल्या मुलांना बटण दाखवले जाते. मोटर कोणी उघडून दाखवत नाही.

महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, २००१ साली स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचला. या अभ्यासक्रमाने खेड्यातल्या लाखो मुलांची संगणकाची भीती घालवली, हे नाकारण्याचे कारण नाही. सरकारी नोकरीसाठी हे प्रमाणपत्र चालते, अनेक पदांना ते लागतेच. म्हणून ज्यांना गरज आहे त्यांनी ते जरूर करावे. आमचा विरोध प्रमाणपत्राला नाही. प्रमाणपत्रालाच संगणक शिक्षण म्हणण्याला आहे. साक्षरता ही शिक्षणाची पहिली पायरी. पहिल्या पायरीवरच पंचवीस वर्षे बसवून ठेवले, तर त्याला शिक्षण म्हणत नाहीत, अडवून ठेवणे म्हणतात.

बाबासाहेबांनी १९४२ साली काय मागितले होते?

आपल्या वस्तीत बाबासाहेबांचे शिक्षणावरचे विचार सर्वांना तोंडपाठ असतात. पण ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांना त्यांनी दिलेले निवेदन किती जणांनी वाचले आहे? अस्पृश्यांच्या तक्रारी मांडणाऱ्या त्या निवेदनात शिक्षणाचा स्वतंत्र भाग आहे. त्यात बाबासाहेब सांगतात की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या समाजाचे फारसे भले होणार नाही. खरा उपयोग विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा आहे. हे शिक्षण महाग आहे, गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणूनच आपली मुले कला आणि कायद्याकडे जातात, हे कारणही ते सांगतात. आणि मग सरकारकडे विज्ञान-तंत्रज्ञानासाठी शिष्यवृत्त्या मागतात, परदेशी शिक्षणासाठी वेगळा निधी मागतात, कारखान्यांत आणि छापखान्यांत तांत्रिक प्रशिक्षणाची संधी मागतात.

आता आजचे चित्र त्याच्याशेजारी ठेवा. आपल्या राज्यात अकरावी-बारावीला ‘कॉम्प्युटर सायन्स’ हा द्विलक्ष्यी विषय आहे. त्यात प्रोग्रॅमिंग आहे, डेटा स्ट्रक्चर आहे, मायक्रोप्रोसेसर आहे. म्हणजे संगणकाच्या आत डोकावण्याची सोय आहे. पण हा विषय विज्ञान शाखेला, आणि तोही ठरावीक कॉलेजांत. गावातल्या माध्यमिक शाळेतून निघालेली, गणिताच्या भीतीने किंवा फीच्या भीतीने कला शाखेला गेलेली मुलगी त्या दारापर्यंत पोहोचतच नाही. तिच्यासाठी स्टँडबाहेरची पाटी आहे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचा रस्ता मोकळा केला. आपल्या जिल्ह्यात लोणी, संगमनेर, कोपरगाव या साखरपट्ट्यात अशी महाविद्यालये उभी राहिली. तिथे संगणकाची मूलतत्त्वे शिकवली जातात. म्हणजे ज्ञान जिल्ह्यात आहे. पण ते बारावीनंतर, फी भरून, विज्ञानाचा उंबरठा ओलांडलेल्यालाच मिळते. त्याच साखरपट्ट्यात ऊस तोडायला पाथर्डी-शेवगावहून जाणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला मात्र सातवीपर्यंत संगणक म्हणजे शाळेतला, बहुतेक वेळ कापडाखाली झाकलेला डबा.

‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जातीने केवळ कामे वाटलेली नाहीत, कामे करणारी माणसेच वर-खाली रचून ठेवली आहेत. आज नवी उतरंड उभी राहते आहे. वरच्या पायरीवर नियम लिहिणारे, मधल्या पायरीवर ते नियम वापरणारे, खालच्या पायरीवर त्या नियमांनी मोजले जाणारे. आपली मुले कोणत्या पायरीवर बसवली जात आहेत, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

टाइपरायटर गेला, टायपिस्ट राहिला

पूर्वी टाइपरायटरच्या परीक्षा होत्या. मग टाइपरायटर गेले, परीक्षा संगणकावर आली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट ही अट मात्र कायम. यंत्र बदलले, पण यंत्रापुढे आपली जागा बदलली नाही.

याचा फटका चळवळीलाही बसला आहे. अनेक वर्षे पत्रके, स्मरणिका, पाक्षिके जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप झाली. त्या फाईली आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. का? कारण त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या दृष्टीने मराठी अक्षर नव्हतेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी चित्र बसवलेले होते. फॉन्ट गेला की चित्र गेले. युनिकोडमध्ये तसे होत नाही, कारण तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘अ’चा क्रमांक २३०९. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून, पहिल्या आवृत्तीपासून आहे. पण कळफलकावर बोटे फिरवायला शिकवणाऱ्यांनी ही एक गोष्ट शिकवली नाही, आणि चळवळीचे कितीतरी लिखाण कुलूपबंद होऊन पडले. मूलतत्त्व माहीत नसण्याची किंमत ही अशी असते.

अन्याय आता पोर्टलवरून होतो

पूर्वी शिष्यवृत्ती अडली की समाजकल्याणच्या साहेबाला घेराव घालता येत होता. आता महाडीबीटीवर अर्ज, आधारशी जोडलेल्या खात्यात पैसे, आणि अडकले की एकच उत्तर : ‘सिस्टिममध्ये एरर आहे.’ हा सिस्टिम नावाचा साहेब कोणत्या खुर्चीवर बसतो? त्याला निवेदन कुठे द्यायचे?

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाले. २१ मे रोजी नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली. आपल्या जिल्ह्यातली मुलेही नेट कॅफेच्या दारात रांगा लावून बसली. कोणत्या मुलाला कोणते कॉलेज, कोणत्या फेरीत, कोणत्या आरक्षणातून, हे सगळे एका प्रोग्रॅमने ठरवायचे. प्रोग्रॅम म्हणजे दैवी चमत्कार नव्हे. माणसाने लिहिलेले नियम, एकापुढे एक. हे ज्याला कळते तो विचारू शकतो : नियम दाखवा. कोणती अट आधी तपासली, कोणती नंतर? राखीव प्रवर्गातल्या गुणवंताला खुल्या जागेवर आधी धरले की नाही? ज्याला हे कळत नाही त्याच्यावर अन्याय झाला तरी तो म्हणतो, नशीब. बाबासाहेबांनी आपल्याला नशिबातून बाहेर काढले. संगणकाच्या नावाखाली आपण पुन्हा त्यात जायचे काय?

‘आमच्या शाळेत वीज नाही, तुम्ही काय मूलतत्त्वे सांगता?’

हा आक्षेप अनेक शिक्षक घेतात. त्यांची अडचण खरी आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. उलट २६ राज्यांतल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत झालेल्या ‘असर २०२३’ पाहणीत १४ ते १८ वयोगटातल्या सुमारे ९० टक्के मुलांच्या घरात स्मार्टफोन आढळला. म्हणजे रील पाहण्याचे यंत्र आले, शिकण्याचे आले नाही.

पण मूलतत्त्वे शिकवायला संगणकच लागतो, ही समजूतच चुकीची आहे. न्यूझीलंडमध्ये टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून संगणकाशिवाय संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत विकसित केली. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शाळांसाठी ‘कॉम्प्युटर मस्ती’ ही पुस्तके तयार केली. एसीएम इंडियाचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम २०१६ पासून याच दिशेने काम करतो आहे.

कसे शिकवायचे, हे इथेच पाहा. जुन्या लग्नपत्रिकांचे पाच पुठ्ठे घ्या. त्यांवर १६, ८, ४, २, १ असे आकडे लिहा. पाच मुले ओळीने उभी करा. पुठ्ठा दाखवला तर १, लपवला तर ०. चौदा एप्रिलचा १४ दाखवायचा? ८, ४ आणि २ वर करा : ०१११०. बावीस प्रतिज्ञांचे २२? १६, ४ आणि २ : १०११०. झाली द्विमान पद्धत. वर्गाला उंचीनुसार रांगेत लावा, पण एका वेळी दोघांचीच तुलना करायची अशी अट घाला. झाले सॉर्टिंग. क्रमाने लावलेल्या हजार नावांच्या यादीत मधोमध बोट ठेवा, निम्मी यादी बाद करा, पुन्हा मधोमध ठेवा. फार तर दहा वेळात नाव सापडते. झाले सर्चिंग. यात वीज कुठे लागली? पैसे कुठे लागले?

दुसरा आक्षेप तरुण कार्यकर्त्यांकडून येतो : आता एआय आले, सगळे तेच लिहून देते, शिकायचे कशाला? एआय उत्तर देते, पण ते उत्तर कोणत्या माहितीवर बेतले आहे आणि त्या माहितीत आपली वस्ती आहे की नाही, हे कोण तपासणार? न तपासता कोणाचा शब्द मानायचा नाही, ही शिकवण बुद्धाने कालामांना दिली. ती यंत्रालाही लागू आहे.

जगाने हे केव्हाच ओळखले. इंग्लंडमध्ये शाळांत वर्ड-पॉवरपॉइंट शिकवण्यावर भर असलेला आयसीटी विषय होता. २०१२ च्या जानेवारीत रॉयल सोसायटीच्या अहवालाने त्याचे वाभाडे काढले आणि सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलापासून पुढे ‘कॉम्प्युटिंग’ हा विषय आला. आपल्या देशात केरळने २००१ पासून सरकारी शाळांत संगणक शिक्षणाची मोहीम चालवली, ती मुक्त सॉफ्टवेअरवर नेली आणि २०१८ मध्ये ‘लिटल काइट्स’ या नावाने शाळेतल्या मुलांचे आयटी क्लब उभे केले. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावीपासून कोडिंगची भाषा आहे. पण कागदावरचे कोडिंग पैसेवाल्यांच्या इंग्रजी शाळेत आधी पोहोचेल आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शेवटी. धक्का दिल्याशिवाय हा क्रम उलटणार नाही.

आमच्या मागण्या

एक, जिल्हा परिषद शाळांत पाचवीपासून आठवड्याला किमान एक तास संगणकाशिवायच्या संगणकशास्त्राचा असावा, मराठीतून.

दोन, संगमनेरच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने शिक्षकांना यासाठी तयार करावे. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण याच नगरमध्ये सिंथिया फरार यांच्याकडे घेतले. शिक्षक घडवण्याची परंपरा या मातीला नवी नाही.

तीन, सामाजिक न्याय विभागाच्या निवासी शाळांत आणि वसतिगृहांत मुक्त सॉफ्टवेअर असलेले संगणक आणि कायमस्वरूपी शिक्षक द्यावेत. कंत्राट संपले की शिक्षक रस्त्यावर आणि संगणक धुळीत, हा खेळ बंद करावा.

चार, प्रवेश, शिष्यवृत्ती आणि भरतीच्या सर्व पोर्टलचे निवडीचे नियम मराठीत, क्रमवार, जाहीर करावेत.

आणि पाचवी मागणी सरकारकडे नाही, जयंती मंडळांकडे आहे. मिरवणुकीतल्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात विहारासाठी दोन जुने दुरुस्त केलेले संगणक येतात. दर रविवारी वंदनेनंतर एक तास, पाच पुठ्ठे आणि वीस मुले एवढे पुरेसे आहे. इंजिनिअर झालेले, पुण्या-मुंबईत आयटीत नोकरी करणारे आपले बांधव सुट्टीला गावी येतात. त्यांनी फोटोला हार घालून परतू नये. एक तास त्या मुलांसमोर बसावे.

‘शिका’ या शब्दाचा अर्थ वापरायला शिका असा नाही. समजून घ्या, उघडून पाहा, स्वतः घडवा, असा आहे. हा अर्थ सोडून दिला तर संघटित होऊन संघर्ष करायचा कशासाठी, हेही उद्या कोणीतरी दुसराच प्रोग्रॅममध्ये लिहून देईल.

जयभीम! नमो बुद्धाय!