आधी कोणाची सही?

सहीचे मोल बँकेशी संबंध असणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको. नमुना सहीशी मेळ बसला नाही, तर खात्यात पुरेशी शिल्लक असूनही धनादेश परत जातो. सलीम-जावेद लिखित आणि यश चोप्रा दिग्दर्शित ‘दीवार’ (१९७५) हा हिंदी चित्रपट पाहताना मला दरवेळी याच सहीचे स्मरण होते. गुन्हेगारीपट म्हणून तो गाजला. पण त्याचे मर्म दोन सह्यांत आहे.

पहिली सही कामगार नेते आनंद वर्मा यांची. पत्नी आणि मुलांच्या जिवाची धमकी देऊन मालक ती करारावर घेतो. कामगारांच्या लेखी वर्मा विश्वासघातकी ठरतात, ते परागंदा होतात आणि बाप चोर असल्याचे शब्द थोरल्या विजयच्या हातावर गोंदवले जातात. बळजबरीने मिळवलेल्या संमतीला आपला १८७२ चा करार कायदा मुक्त संमती मानत नाही. समाज मात्र एवढी चौकशी करीत नाही.

दुसरी सही कधी होतच नाही. मुंबईत वाढलेला विजय (अमिताभ बच्चन) तस्करीत शिरतो, धाकटा रवी (शशी कपूर) पोलीस अधिकारी होतो आणि तस्करांच्या तपासात त्याला सख्ख्या भावाचेच नाव आढळते. रवी कबुलीजबाबावर सही मागतो. विजय म्हणतो, ज्याने वडिलांची सही बळजबरीने घेतली, ज्याने माझा हात गोंदवला, त्यांच्या सह्या आधी आण.

विजयची तक्रार खरी आहे. निष्कर्ष मात्र खोटा आहे. शेजाऱ्याचे कर्ज थकले म्हणून आपला हप्ता माफ होत नाही. तरीही ‘वरचे खातात, मग मीच का हात आखडावा?’ हा युक्तिवाद आपण कचेऱ्यांतून आणि घरांतूनही ऐकतो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या सहीची वाट पाहावयाची ठरवले, तर कागद कोराच राहील.

रवीचा निर्णयही सहज होत नाही. पळणाऱ्या एका मुलावर तो गोळी झाडतो आणि त्या मुलाने केवळ पाव चोरला होता, हे त्यास नंतर कळते. मुलाचे वडील, एक निवृत्त शिक्षक, चोरीस चोरीच म्हणतात. गरिबाच्या घरातील ही कठोर सचोटी पाहिल्यावर भावाला वेगळा न्याय लावणे रवीला अशक्य होते.

राष्ट्रीयीकृत बँकेचा कर्मचारी १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यान्वये लोकसेवक आहे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही अपराधी ठरतो. मात्र ज्यास ती बळजबरीने द्यावी लागली, त्याने सात दिवसांत यंत्रणेस कळविल्यास त्यास संरक्षण आहे. दडपण कायद्यास समजते. त्यानंतरचे मौन त्यास मान्य नाही. आनंद वर्मांना असे दार उघडे असते तर!

रवीला अखेर शौर्यपदक मिळते, पण भाऊ गमावल्यावर. प्रामाणिकपणा फुकट मिळतो, असे हा चित्रपट सांगत नाही, म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो. काउंटरच्या अलीकडे असो वा पलीकडे, पुढचा कागद समोर येईल तेव्हा आधी कोणाची सही, हा प्रश्न मनात उठेलच. त्याचे उत्तर आपल्याच लेखणीत आहे.