मराठी ब्लॉगची कमाई: अच्छाडच्या नाक्यावरचा हिशेब

मुंबई-अहमदाबाद महामार्ग महाराष्ट्र सोडतो तो तलासरी तालुक्यातल्या अच्छाडजवळ. पुढे गुजरात. "ब्लॉग काढा, घरबसल्या कमवा" असे कोर्स विकणारे या पट्ट्यातल्या पोरांच्याही मोबाईलवर पोहोचलेत. फी भरण्याआधी हिशेब पाहा.

मराठी मजकुरावर गूगलच्या ॲडसेन्सची सोय 2018 मध्ये आली, हिंदीला 2014 मध्येच मिळाली होती. खात्यात 100 डॉलर साठेपर्यंत पैसा हाती येत नाही, आणि मराठी वाचकामागे मिळणारा जाहिरातीचा दर अमेरिकेतल्या इंग्रजी वाचकापेक्षा फारच कमी. त्यात ऑगस्ट 2024 पासून गूगलने भारतात इंग्रजी-हिंदीत शोधाचं उत्तर स्वतःच एआयने वर द्यायला सुरुवात केली. मग पानापर्यंत येणार कोण?

'लिंबाचे दहा फायदे' छापाचं लिखाण त्यामुळे संपलंच समजा. (कोर्सवाले अजून तेच शिकवतात!) पण सीमा ओलांडताना ट्रकला आज कोणते कागद लागतात, डहाणू-घोलवडच्या जीआय मानांकन मिळालेल्या चिकूला या हंगामात काय भाव आला, हे तिथे जाऊन, चार माणसांना विचारूनच लिहावं लागतं. असा वाचक थोडा, पण परत येतो. त्याच्या भरवशावर गॅरेजवाला, रोपवाटिकावाला थेट जाहिरात देऊ शकतो.

आपल्या घरांत आणखी एक सवाल निघतो: लेखाशेजारी व्याजाच्या कर्जाची जाहिरात आली तर ती कमाई हलाल कशी? ॲडसेन्समध्ये नको त्या प्रकारच्या जाहिराती बंद करता येतात. उत्पन्न घटतं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींवर तर 2025 च्या केंद्रीय कायद्यानेच बंदी घातली आहे.